अंग खाली आलंय आणि पोटही साफ होत नाही: शस्त्रक्रियेआधी काय तपासायचं

प्रश्न असा आहे. वय 52, दोन बाळंतपणं, पहिल्या वेळी फोरसेप्स (बाळ ओढायचा चिमटा) लावलेला. तीन वर्षांपासून योनीत काहीतरी खाली उतरल्यासारखं वाटतं. शौचाची कळ येते, कमोडवर बसलं की थोडं होतं आणि बाकीचं आत अडकून राहतं. योनीतून मागच्या बाजूला अंगठ्याने दाबलं तर ते बाहेर येतं. उठल्यावर तासाभरात कपड्याला डाग लागतो. तपासणीत ‘रेक्टोसील, दुसरा टप्पा’ असं निघालं आणि शस्त्रक्रिया सुचवली गेली. ती केली तर पोट साफ व्हायला लागेल का?

रेक्टोसील म्हणजे योनीत आलेला फुगवटा; तो कमी होण्याची शक्यता चांगली आहे. पोट साफ होईल की नाही, हे मात्र फुगवट्याच्या आकारावरून सांगता येत नाही. शौच अडतंय ते त्या फुगवट्यामुळेच अडतंय का, हे शस्त्रक्रियेआधी शोधावं लागतं. ते शोधता येतं, आणि त्यासाठी लागणारा अर्धा पुरावा तुमच्याच वर्णनात आहे.

रेक्टोसील म्हणजे गुदाशयाची पुढची भिंत योनीच्या मागच्या भिंतीला ढकलत योनीत शिरणं. दोन्हींच्या मध्ये जो पडदा असतो तो बाळंतपणात ताणला जातो, फाटतो, किंवा वर्षानुवर्षं कुंथून सैल पडतो. टप्पा ठरवताना डॉक्टर योनीमुखाच्या कडेपासून फुगवटा किती सेंटीमीटर वर किंवा खाली आहे ते मोजतात. दुसरा टप्पा म्हणजे फुगवट्याचं टोक त्या कडेच्या 1 सेंटीमीटर आत ते 1 सेंटीमीटर बाहेर, या पट्ट्यात कुठेतरी. हे माप फक्त उंचीचं आहे. शौचाला बसल्यावर आत काय घडतं ते त्यात कुठेच येत नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्याची एक बाई रोज विनासायास मोकळी होते आणि तेवढाच फुगवटा असलेली दुसरी अर्धा तास बसून राहते. 2 सेंटीमीटरपर्यंतचा फुगवटा तर कसलीही तक्रार नसलेल्या बायकांमध्येही एक्स-रेवर दिसतो.

आत काय घडतं ते नीट डोळ्यासमोर आणलं तर पुढचे सगळे उपाय समजायला सोपे जातात. गुदाशयाच्या खालच्या टोकाला मागून एक स्नायू गोफणीसारखा वेढा घालतो आणि त्याची दोन्ही टोकं पुढे ओटीपोटाच्या खालच्या टोकाशी असलेल्या हाडाला (प्युबिक बोन) बांधलेली असतात. एरवी तो गुदाशयाला पुढे ओढून धरतो, त्यामुळे नळीला साधारण काटकोनात बाक येतो. पाण्याच्या पाइपला मुरड पडली की पाणी थांबतं, तसंच इथे. शौचाच्या वेळी ही गोफण सैल पडायला हवी, बाक उघडायला हवा, गुदद्वाराचे दोन्ही वळसे (ते बंद ठेवणारे आतला आणि बाहेरचा गोल स्नायू) ढिले व्हायला हवेत, आणि त्याच क्षणी पोटाचा दाब वरून यायला हवा. चारही गोष्टी एकत्र जुळल्या तरच मल सरळ खाली येतो. एक जरी चुकली तरी दाब वाया जातो, आणि दाब नेहमी सर्वांत कमजोर भिंतीकडे वळतो. तुमच्या बाबतीत ती भिंत पुढची आहे.

त्यामुळे अडण्याची कारणं मुख्यतः तीन. पहिलं, खिसा: मल पुढच्या फुगवट्यात शिरतो आणि तिथेच बसतो. दुसरं, दार: गोफण आणि वळसे सैल पडायच्या ऐवजी आवळले जातात. हे कुणी मुद्दाम करत नाही. अनेक वर्षं दुखत-कुंथत शौच केलं, किंवा लघवी गळू नये म्हणून खालचं अंग सतत ओढून धरलं, की स्नायूंना तीच सवय लागते. तिसरं, घडी: गुदाशयाची भिंत कुंथताना आतल्या आत स्वतःमध्ये दुमडते आणि बूच बसतं. दार उघडत नसल्यामुळे रोज जोर लावावा लागतो, त्या जोराने खिसा मोठा होतो, असंही पुष्कळ वेळा होतं. अशा वेळी नुसता खिसा शिवला तर बंद दारावरचा जोर तसाच राहतो आणि तो टाक्यांवर येतो.

तुमच्या वर्णनातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तो अंगठा. योनीतून मागच्या भिंतीला आधार दिल्यावर मल बाहेर येत असेल तर खिसा खरोखर मल धरून ठेवतोय, असं मानायला चांगला आधार आहे. ज्या बायकांना गुदद्वारात बोट घालून मल काढावा लागतो त्यांच्यात दार न उघडण्याचा संशय जास्त घ्यावा. ज्यांना सारखी शौचाची भावना येते, बसलं तर काहीच होत नाही, उलट थोडा शेंबडासारखा स्राव किंवा रक्ताचा ठिपका येतो, त्यांच्यात घडीचा. या खुणा ठोकळेबाज नाहीत, एकमेकींत मिसळतात, तरीही डॉक्टरांना नेमक्या शब्दांत सांगा: कुठे दाबते, कोणत्या बोटाने, दर वेळी की कधीतरी. बहुतेक बायका हे सांगत नाहीत आणि बहुतेक डॉक्टर विचारत नाहीत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फुगवटा असलेल्या कितीतरी बायका हेच करतात.

पुढची पायरी हाताची तपासणी. गुदद्वारात बोट ठेवून डॉक्टर आधी आवळायला सांगतात आणि मग शौचाला बसल्यासारखा जोर करायला सांगतात. जोर करताना बोटाभोवतीची पकड सैल व्हायला हवी आणि खालचा भाग थोडा खाली यायला हवा. पकड घट्ट झाली तर दाराचा संशय पक्का होतो. या दोन मिनिटांच्या तपासणीत जे कळतं ते अनेकदा महागड्या चाचणीत कळत नाही. जोर करायला न सांगताच तपासणी संपली असेल तर ती पुन्हा करून घ्यावी.

त्यानंतर फुग्याची चाचणी. गुदाशयात छोटा फुगा घालून त्यात 50 मिली कोमट पाणी भरतात आणि तो एकांतात, कमोडवर बसून बाहेर काढायला सांगतात. साधारण मिनिटभरात निघाला तर दार उघडतंय. निघाला नाही तर गुदद्वाराचा दाब मोजणारी मॅनोमेट्री करतात. एक सावधगिरी: मॅनोमेट्री बहुतेक ठिकाणी कुशीवर झोपवून करतात, आणि परक्या खोलीत आडवं पडून शौचासारखा जोर करायला सांगितलं तर निरोगी बाईसुद्धा आवळून धरते. म्हणून एकट्या मॅनोमेट्रीवरून ‘तुमचे स्नायू उलटे चालतात’ असा शिक्का मारू देऊ नका. बोटाची तपासणी किंवा फुगा यांपैकी एकाची साथ हवी. खिसा किंवा घडी पाहायला डेफेकोग्राफी उपयोगी. त्यात घट्ट बेरियम (एक्स-रेवर दिसणारा लगदा) गुदाशयात भरून, बसवून, शौच करतानाचे एक्स-रे काढतात. अहवालात फुगवट्याच्या आकारापेक्षा एक ओळ जास्त महत्त्वाची: शेवटी खिशात बेरियम उरलं का? उरलं नसेल तर तो फुगवटा तुमच्या अडचणीचं मूळ असण्याची शक्यता कमी. हीच चाचणी एमआरआयवरही होते, पण तिथे बहुधा झोपवतात, त्यामुळे खाली उतरणं कमी दिसू शकतं.

एक गोष्ट याहून आधीची. शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, रक्तक्षय, पन्नाशीच्या आसपास नव्याने बदललेली शौचाची सवय, किंवा जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग, यांपैकी काहीही असेल तर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) आधी. फुगवटा कुठे पळून जात नाही. योनीतून गॅस किंवा मल येत असेल तर योनी आणि गुदाशय यांच्यामध्ये भोक पडलेलं असू शकतं, त्याची तपासणी वेगळी. आणि शौच-लघवीचा ताबा अचानक गेला, सोबत मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी तातडीच्या विभागात जायचं. तो मणक्यातल्या नसा दबल्याचा इशारा असतो.

आता उपाय. खिसा असो, दार असो, घडी असो, सुरुवात मलापासूनच करायची. ब्रिस्टल तक्त्यात मलाचे सात प्रकार आहेत. आपल्याला हवा तो चौथा, गुळगुळीत, मऊ, आकार टिकवणारा. खडा होत असेल तर तो खिशात अडतो हे उघड आहे. पण उलटी चूकही फार होते: रेचकं वाढवत वाढवत मल चिकट, लगदा किंवा पातळ करून ठेवला की तो खिशाच्या भिंतीला माखून राहतो आणि नंतर झिरपतो. तुमचा तासाभराने लागणारा डाग असाच उरलेला मल असण्याची शक्यता बरीच आहे.

इसबगोल एक चमचा, भरलेल्या ग्लासभर पाण्यात, ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी थोडं पाणी. दर चार-पाच दिवसांनी थोडं वाढवत दोन ते तीन चमच्यांपर्यंत न्यायचं. एकदम जास्त घेतलं तर पोट फुगतं आणि बायका आठवड्यात सोडून देतात. कमी पाण्यात घेतलं तर उलट घट्ट गोळा होतो. इसबगोलचा एक मोठा फायदा असा की तो खडा मऊ करतो आणि सैल मलाला आकारही देतो, म्हणून डागांच्या तक्रारीतही चालतो. आठवड्यातून जेमतेम एकदा कळ येणाऱ्या, आतडंच मंद असलेल्या बाईला मात्र त्याने फुगारा वाढतो. तिला पॉलिइथिलीन ग्लायकॉल (पाणी धरून मल मऊ करणारी पावडर) बरं, 17 ग्रॅम साधारण 240 मिली पाण्यात, दिवसातून एकदा. मात्रा बदलल्यावर तीन दिवस थांबून परिणाम बघा. रोज कमी-जास्त केलं तर काहीच कळत नाही.

याच जोडीला घरातल्या औषधांची यादी बघा. लोह, कॅल्शियम, अफूजन्य वेदनाशामकं मल घट्ट करतात हे बहुतेकांना ठाऊक असतं. निसटतं ते ऑक्सिब्युटिनिनसारखं औषध, लघवीची घाई थांबवायला दिलेलं. खालचं अंग सैल झालेल्या बायकांना लघवीचा त्रासही असतो, त्यासाठी हे औषध चालू होतं आणि सहा महिन्यांनी मलावरोध घेऊन त्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. बद्धकोष्ठता न वाढवणारा पर्याय डॉक्टरांकडे मागता येतो. तसंच लघवी गळेल म्हणून पाणी तोडणं. त्याने लघवी गडद होऊन मूत्राशय आणखी चिडतं आणि मलाचा खडा होतो, दोन्हीकडून नुकसान.

बसण्याची पद्धत ऐकायला किरकोळ वाटते, पण फरक पाडते. जेवणानंतर 20 ते 30 मिनिटांनी आतड्यात नैसर्गिक लाट येते. न्याहारीनंतरची सहसा सर्वांत जोरकस असते. त्या वेळी बसायचं. पायांखाली 20 ते 25 सेंटीमीटर उंचीचं स्टूल, गुडघे कमरेपेक्षा वर, कोपरं मांड्यांवर, पाठ सरळ ठेवून पुढे झुकायचं. या स्थितीत गोफणीचा बाक उघडायला मदत होते. मग तोंड किंचित उघडं ठेवून श्वास पोटात घ्यायचा आणि कंबर चारी बाजूंनी रुंद होऊ द्यायची. बोटं कमरेच्या दोन्ही बाजूंना ठेवली तर ती बाहेर ढकलली गेलेली जाणवली पाहिजेत. तो फुगलेपणा तसाच ठेवून, श्वास न कोंडता, हळू ‘हूऽऽ’ म्हणत दाब खाली सोडायचा, आणि त्याच वेळी गुदद्वार खाली उमलतंय अशी कल्पना करायची. चेहरा लाल होत असेल, घशात दाब येत असेल, तर जोर चुकीच्या जागी लागतोय. पाच ते दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं. फोन घेऊन अर्धा तास बसणं म्हणजे सैल तळावर अर्धा तास वजन टांगून ठेवणं.

अंगठ्याचा आधार तुम्ही आधीच शोधून काढलात, तो वाईट नाही. उरलेला मल काढायला कुंथण्यापेक्षा आधार देणं केव्हाही बरं. फक्त नीट करा: हात धुवून, नख कापलेलं, पातळ हातमोजा किंवा थोडं वंगण लावून अंगठा योनीत साधारण दोन पेरं घाला, मागच्या भिंतीवर सपाट टेकवा आणि मागे, माकडहाडाच्या दिशेने हलका धरून ठेवा. दाबून पिळायचं नाही; भिंत पुढे येऊ नये एवढाच आधार. काहींना योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागावर बाहेरून दोन बोटांनी वर धरलं तरी पुरतं. एवढ्यानेही आत उरतंय असं वाटलं तर ग्लिसरीनची सपोझिटरी (गुदद्वारातून घालायची वात), गुदाशयाच्या भिंतीला टेकेल अशी. मलात खुपसून बसली तर ती काम करत नाही. 15 ते 30 मिनिटं वाट बघायची.

दार उघडत नाही असं निघालं तर बायोफीडबॅक हा पहिला उपचार आणि तो रेचकांपेक्षा सरस ठरलेला आहे. गुदद्वारात बारीक संवेदक ठेवून पडद्यावर तुमचाच दाब दाखवतात आणि सैल सोडायला शिकवतात, सोबत फुगा बाहेर काढण्याचा सराव. साधारण चार ते सहा बैठका, एक-दोन आठवड्यांच्या अंतराने, घरचा सराव रोज. पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, काम केलेली फिजिओथेरपिस्टच शोधा. इथे एक चूक इतकी सर्रास होते की ती ठळक सांगितली पाहिजे. ‘अंग खाली आलंय’ म्हटलं की सगळ्यांना आवळण्याचे केगेल व्यायाम सांगितले जातात. ज्यांचे स्नायू आधीच सैल सुटत नाहीत त्यांचं शौच त्याने आणखी अडतं. अशांनी आधी सोडायला शिकायचं, मग आवळायला. स्नायू खरोखर कमजोर असतील तर नियम वेगळा: 5 ते 10 सेकंद आवळणं, तेवढाच वेळ पूर्ण सैल, असं 8 ते 10 वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. दोन आवळण्यांमधली सैल सोडण्याची वेळ खाल्ली तर व्यायाम अर्धाच होतो.

डागांकडे परत येऊ. गळती तीन तऱ्हांची असते आणि प्रत्येकीचं मूळ निराळं. शौचानंतर तास-दोन तासांत डाग: आत उरलेला मल. कळ आली की धरवत नाही: बाहेरचा, आपल्या ताब्यातला वळसा कमजोर. कळच येत नाही आणि कपडे बघितल्यावरच कळतं: आतला वळसा, विश्रांतीच्या वेळचा बहुतेक दाब तोच सांभाळतो. तुमची पहिली तऱ्हा आहे, पण फोरसेप्सच्या बाळंतपणात वळसा फाटून तेव्हा लक्षात न येणं नवीन नाही. तरुणपणी बाकीचे स्नायू भरून काढतात, पाळी गेल्यानंतर तूट उघडी पडते. गॅस धरवतो का, घाई होते का, हे स्वतःला विचारा. उत्तर शंकेचं असेल तर शस्त्रक्रियेआधी गुदद्वाराची आतून सोनोग्राफी करून घ्या. त्यात वळशातली फट स्पष्ट दिसते. ती आधी कळली नाही तर फुगवटा शिवल्यावरही गळती राहते आणि दोष शस्त्रक्रियेवर जातो.

घाईच्या गळतीत लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध, 2 मिलिग्रॅम, बाहेर पडण्याआधी किंवा जेवणाआधी अर्धा तास, डॉक्टरांना विचारून. काहींना अर्धी गोळी पुरते. पण खड्याच्या मागून पातळ मल झिरपतोय का, हे आधी बघून घ्यायचं. गुदाशय खड्यांनी गच्च भरला की भोवतीने पाणी सुटतं, जुलाब समजून लोपेरामाइड दिलं जातं आणि बूच आणखी पक्कं होतं. त्वचेसाठी साबण नको, साधं पाणी, टिपून कोरडं, वर झिंक ऑक्साइड किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर.

शस्त्रक्रिया नको असेल किंवा पुढे ढकलायची असेल तर योनीत बसवायची सिलिकॉन रिंग हा खरा पर्याय आहे. मागच्या भिंतीच्या फुगवट्याला साधी रिंग कधी कमी पडते, वेगळा आकार लागतो. बसवल्यावर ती जाणवता कामा नये. रिंग मोठी झाली तर तीच गुदाशयावर दाबते आणि शौच जास्त अडतं. तसं झालं तर लहान मापाची मागा, रिंगच सोडून देऊ नका. रिंगचा एक आडफायदाही आहे: ती घातल्यावर शौच सुधारलं तर शस्त्रक्रियेनेही सुधारण्याची आशा वाढते.

शस्त्रक्रिया करायचीच तर फुगवट्यात बेरियम उरतं, अंगठा लागतो आणि दार उघडतं, या तिन्ही गोष्टी जुळल्यावर निकाल सर्वांत चांगले मिळतात. योनीमार्गे केलेली दुरुस्ती गुदमार्गे केलेल्या दुरुस्तीपेक्षा टिकाऊ ठरते. मागच्या भिंतीसाठी योनीतून जाळी घालून घेऊ नका. तिचा जास्तीचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने एप्रिल 2019 मध्ये अंग खाली येण्यासाठी योनीतून घालायच्या, बाजारात उरलेल्या जाळ्यांची विक्रीही थांबवायला लावली. सर्जनना विचारा, दोन्ही बाजूंचे मोठे स्नायू ओढून मध्ये शिवणार का? तसं केलं तर योनी अरुंद होऊन संबंधांच्या वेळी दुखण्याचा धोका वाढतो. मोठी घडी असेल तर पोटातून गुदाशय वर बांधण्याची शस्त्रक्रिया लागते, ती वेगळीच गोष्ट.

नंतरचे सहा आठवडे टाक्यांपेक्षा मलाचे. पहिल्या दिवसापासून मल मऊ ठेवायचं औषध, स्टूल, श्वास सोडत दाब, आणि जड उचलणं बंद. कळ आली तर योनी आणि गुदद्वाराच्या मधल्या भागावर बाहेरून कापडाने आधार द्यायचा, आतून बोट लावायचं नाही. तीन महिन्यांनी जखम पूर्ण भरल्यावरही मल आत अडकतोय असं वाटत राहिलं, तर लगेच ‘टाके सुटले’ असं धरून दुसऱ्या शस्त्रक्रियेकडे वळू नका. आधी पुन्हा ती बोटाची तपासणी आणि 50 मिलीचा फुगा. भिंत शाबूत आणि फुगा अडतोय असं निघालं तर पुढचं काम सर्जनचं नाही, फिजिओथेरपिस्टचं आहे.